रेघ खोडू नका, पुढची काढा
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



या सभागृहात चित्रकार थोडे आणि शाळेत असताना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेले पुष्कळ असणार. ग्रेड मिळाली, दहावी आली आणि रंगपेटी माळ्यावर गेली. पुढे चाळिशी-पन्नाशीत पेन्सिल पुन्हा हातात घ्यावीशी वाटते आणि मन विचारतं, आता कुठे जमणार? आजचं बोलणं त्यांच्यासाठी आहे.

दोन नावं घेतो. वसंत सरवटे पेशाने स्थापत्य अभियंते. सिमेंट कंपनीतली नोकरी सांभाळून त्यांनी ‘ललित’ मासिकाच्या मुखपृष्ठांवर मराठी लेखकांची अर्कचित्रं वर्षानुवर्षं काढली. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा कलाशाळेत शिकलेले नव्हते. तरुणपणी ते गोव्यात रोजनिशी लिहीत, तीही चित्रांतून. त्यांची १९५१ सालची डायरी पुढे पुस्तकरूपाने आली. पाद्री, पाहुणे, शेजारीपाजारी, सगळं गाव तिच्यात आहे. रोज बघायचं आणि रोज काढायचं, हीच त्यांची शाळा.

हौशी माणसाला अर्कचित्राचं भारी आकर्षण. पेन्सिल हातात आली की तो आधी नाक मोठं करायला घेतो. चेहरा ओळखू येत नाही, नुसता विद्रूप होतो. मोठं करायचं म्हणजे कशापेक्षा मोठं, हे आधी ठाऊक हवं. प्रौढ माणसाची उंची साधारण साडेसात डोकी भरते. उंचीचा मध्य बेंबीशी नसतो, त्याच्या बराच खाली, जांघेपाशी येतो. डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात. विश्वास बसत नसेल तर घरी आरशासमोर पट्टी धरून पाहा. आपण सगळे डोळे कपाळात काढतो, कारण आपल्या लेखी चेहरा म्हणजे डोळे, नाक आणि तोंड. त्यावरचा डोक्याचा भाग आपण हिशेबातच धरत नाही.

ही झाली सरासरी. समोरचा माणूस तिच्यापासून कुठे सरकला आहे, ते अर्कचित्रकार हेरतो. कुणाचं नाक आणि ओठ यांच्यातलं अंतर जास्त, कुणाची मान खांद्यांत रुतलेली. ते एक सरकणं वाढवायचं आणि बाकीचं जागच्या जागी ठेवायचं. सगळंच वाढवलं तर काहीच उठून दिसत नाही. आणि एक पथ्य पाळा. कुणाच्या अपंगत्वावर किंवा आजारावर रेघ ओढू नका. त्यात निरीक्षण नाही, नुसता टवाळपणा आहे.

आता उभ्या माणसाकडे येऊ. पंढरपूरचा विठोबा दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभा आहे. एसटीची वाट पाहणारा माणूस तसा उभा राहत नाही. तो एका पायावर भार टाकतो. त्या बाजूची कंबर वर जाते, त्याच बाजूचा खांदा खाली येतो, दुसरा गुडघा सैल पडतो. गळ्याच्या खळगीतून ओळंबा सोडला, तर तो भार घेतलेल्या पावलापाशी पडतो. मुरलीधराच्या त्रिभंग मूर्तीतही शरीराचा हाच डौल आहे. कंबर आणि खांदे यांच्या दोन तिरक्या रेघा आणि तो ओळंबा आधी कागदावर आला की माणूस उभा राहिला. शर्टाच्या गुंड्या मागाहून.

यासाठी महागडं सामान लागत नाही. पाठकोरे कागद आणि साधं बॉलपेन पुरे. पेनच घ्या, म्हणजे खोडरबर आपोआप सुटेल. रेघ चुकली तर ती राहू द्या आणि शेजारी बरोबर रेघ काढा. आधी अर्ध्या मिनिटाची चित्रं काढा, मग दोन मिनिटांची, हात मोकळा झाला की दहा मिनिटांचं एखादं. अर्ध्या मिनिटात तपशील भरायला वेळच नसतो, त्यामुळे डोळा आपसूक वळणाकडे आणि भाराकडे जातो.

मॉडेल कुठून आणायचं, असं विचाराल. लसूण सोलत बसलेली आजी, वाचनालयात पेपर वाचणारे काका, कीर्तनाला आलेली मंडळी. माणूस हलला तर त्याच कागदावर दुसरं चित्र सुरू करा. तो थोड्या वेळाने बहुधा पहिल्या बैठकीवर येतो, मग अर्धवट राहिलेलं पुरं करा. कुणी हरकत घेतली तर मुकाट्याने पान उलटा.

फोटोवरून काढण्याचा मोह मात्र सुरुवातीला टाळा. मोबाइल जवळून धरला की नाक फुगतं आणि कान मागे पळतात. ती अतिशयोक्ती भिंगाची आहे, तुमच्या नजरेची नाही.

नोकरीपेशातल्या चित्रकाराला संपादक असतो, मुदत असते. तुम्हाला दोन्ही नाहीत. म्हणून रोजचा वेळ तुम्हीच नेमायला हवा. पंधरा मिनिटं चालतील, पण खाडा नको. प्रत्येक पानावर तारीख घाला आणि वाईट चित्रंही जपून ठेवा. प्रगती कुणी सांगून कळत नाही, जुनी पानं चाळली की दिसते.

आता प्रश्नोत्तरं होतील. तोवर खिशातला एखादा कागद काढा आणि पुढच्या रांगेतली पाठमोरी डोकी रेखाटा. मलाही काढलंत तरी चालेल, फक्त डोळे कपाळात काढू नका.