नारळाचे दूध आणि खाडीचा मासा



वसंत व्याख्यानमालेत कालवणावर बोलावे, हे काहींना हलके वाटेल. वाटो बापडे. गव्हाणसारख्या खाडीकाठच्या गावात घराची परीक्षा अजूनही टोपावरूनच होते.

आमच्या घरचे रोजचे कालवण चिंच, लसूण आणि घरी कुटलेल्या मसाल्याचे. नारळाचे दूध निघे ते पाहुणा आला म्हणजे, त्यातही जिताडा हाती लागला म्हणजे. नारळ खवून कोमट पाण्यात चुरावा, फडक्यातून पिळावा. पहिले दाट दूध बाजूला ठेवावे. त्याच चोथ्याचे पातळ दूध काढून त्यात मसाला, चिंचेचा कोळ आणि मासा शिजवावा. विस्तव ओढून घेतल्यावर मग दाट दूध. त्यानंतर उकळी नाही, आणि डावही नाही. फडक्याने टोप धरून हलवावा.

आम्ही पहिल्यांदा हे केले तेव्हा घाईने दाट दूध आधीच ओतले, वर भडक जाळ. आंबट आणि आच यांनी दूध साकळले, तेल सुटले. ओटीवर व्याही बसलेले! आजी एवढेच म्हणाली, "जेवा, आज पोरांच्या हातचे आहे." व्याह्यांनी ते दोनदा मागून घेतले. त्यांच्या सभ्यतेला आमचा अजून नमस्कार आहे.

असाच मासा दूर कॅरिबियन समुद्रात, डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या सामाना द्वीपकल्पातही नारळाच्या दुधात शिजतो. कांदा, लसूण, टोमॅटो, ढोबळी मिरची घालून. तिकडचा नारळ मुळात हिंदी महासागराच्या बाजूचा, पोर्तुगीज जहाजांतून गेलेला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून हेच दिसते. आणि आमच्या मसाल्यातली मिरची अमेरिकेतून आली, तीही पोर्तुगीजांच्याच हस्ते. देवघेव फिटली म्हणावयाची.

पण जिताड्याचे काय? हा मासा खाऱ्या पाण्यात जन्मतो आणि गोड्यातही वाढतो. म्हणून पावसाळ्यात खाडीतली पिल्ले धरून शेतातल्या तळ्यात सोडावयाची, दोनतीन वर्षे राखावयाची, ही आमच्या रायगडातली शेतकऱ्याची युक्ती. (अडलेल्या कामासाठी साहेबाकडे जिताडा पोचविण्याची रीतही इथलीच, तिच्यावर आज बोलत नाही.) १९७० साली सिडको आली, १९८९ साली न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले, २०२४ साली अटल सेतू, २०२५ साली विमानतळ. रस्ते आले, रोजगार आला. त्याला नाके मुरडण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. मात्र भराव पडला तो खाजणांवर आणि तळ्यांवर. आमच्या घरचे तळे त्यातच गेले. नारळ बाजारात पैसे टाकले की मिळतो. ते तळे कोणत्या दुकानात मिळावयाचे?

इथे बसलेल्यांपैकी ज्यांचे तळे शाबूत आहे त्यांनी यंदाच्या पावसात पिल्ले सोडावी. दोन वर्षांनी नारळ घेऊन आम्ही येतो. आणि या खेपेस दूध फाटू देणार नाही.