'पर्यंत' आणि 'पुरते' : इंग्रजी भाषेतील हद्दीचे शब्द

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आजच्या भाषणासाठी मी इंग्रजीतील एक अगदी लहान शब्द निवडला आहे. तो शब्द म्हणजे 'फार'. मराठीतले 'फार' म्हणजे पुष्कळ, इंग्रजीतले 'फार' म्हणजे दूर. उच्चार जुळतो, पण नाते नाही. या एका शब्दाभोवती इंग्रजीने अंतर, व्याप्ती आणि संबंधाची मर्यादा सांगणारे कितीतरी वाक्प्रचार तयार केले आहेत. आपली मुले परीक्षेत नेमकी येथे अडखळतात आणि मोठी माणसे इंग्रजी कागदावर सही करताना येथेच फसतात. म्हणून हा विषय केवळ व्याकरणाचा नाही.

प्रथम अंतर पाहू. आपल्या जिल्ह्याने रेल्वेची वाट किती वर्षे पाहिली हे वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. २३ सप्टेंबर २०२२ रोजी अहमदनगरहून, म्हणजे आजच्या अहिल्यानगरहून, आष्टीपर्यंत गाडी सुरू झाली. त्या वेळी इंग्रजीत म्हणावे लागले असते, 'द ट्रेन गोज ॲज फार ॲज आष्टी'. म्हणजे गाडी आष्टीपर्यंत जाते, पुढे नाही. १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, गाडी बीडला आली आणि वाक्यातले गाव बदलले. 'ॲज फार ॲज' म्हणजे जेथे रूळ संपतो ती जागा, हे एवढे ध्यानात ठेवले तरी पुढचे सर्व सोपे होते.

येथे एक चूक नेहमी होते. मराठीचे 'पर्यंत' आणि उर्दूचे 'तक' स्थळालाही चालतात, काळालाही चालतात. पाच वाजेपर्यंत, नदीपर्यंत. पाँच बजे तक, नदी तक. त्यामुळे विद्यार्थी सर्रास लिहितो, 'आय वॉक्ड टिल द रिव्हर'. प्रमाण इंग्रजीत 'टिल' आणि 'अंटिल' हे काळाचे शब्द आहेत. पाच वाजेपर्यंत थांबावयाचे असेल तर 'टिल', बिंदुसरेपर्यंत चालावयाचे असेल तर 'ॲज फार ॲज'. गंमत अशी की 'सो फार' हा शब्दप्रयोग मात्र बहुधा काळासाठी येतो. त्याचा अर्थ 'आतापर्यंत'.

आता जमिनीवरचे अंतर मनात कसे शिरते ते पाहा. 'ॲज फार ॲज आय नो' म्हणजे माझी माहिती जेथवर जाते तेथवर. पुढचे मी सांगत नाही. 'ॲज फार ॲज पॉसिबल' म्हणजे शक्यतो. 'ॲज फार ॲज आय ॲम कन्सर्न्ड' म्हणजे माझ्यापुरते बोलावयाचे तर. पहिल्यात माहितीची हद्द आहे, दुसऱ्यात सामर्थ्याची आणि तिसऱ्यात संबंधाची. मुलाखतीत 'ही बातमी खरी आहे का' असे विचारले आणि उमेदवाराने 'ॲज फार ॲज आय नो' म्हटले तर तो प्रामाणिक ठरतो. तेथेच 'ॲज फार ॲज आय ॲम कन्सर्न्ड' म्हटले तर 'मी तसे मानतो, इतरांशी मला कर्तव्य नाही' असा सूर निघतो. विद्यार्थ्यांनी आणखी एक गोष्ट जपावी. 'इज कन्सर्न' असे लिहू नये, 'इज कन्सर्न्ड' असे लिहावे.

मित्रहो, हे आपल्याला परके वाटावयाचे कारण नाही. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानात १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय होता. १९६० साली आपण महाराष्ट्रात आलो. म्हणून आपल्या अनेक घरांत आजोबांची लिखापढी उर्दूत, वडिलांची मराठीत आणि मुलाची इंग्रजीत असे चित्र दिसते. या तीन भाषा एकमेकींच्या आड येत नाहीत, उलट एकमेकींना शिकवतात. उर्दूतील 'जहाँ तक मेरा ताल्लुक़ है' हे वाक्य आणि 'ॲज फार ॲज आय ॲम कन्सर्न्ड' हे वाक्य एकाच साच्याचे आहे. उर्दूत रुळलेला 'हत्तलइमकान' पाहा. अरबीत 'हत्ता' म्हणजे पर्यंत आणि 'इमकान' म्हणजे शक्यता. झाले 'ॲज फार ॲज पॉसिबल'.

आणि हा 'ताल्लुक़' शब्द आपण मराठीत रोज उच्चारतो, फक्त ओळखत नाही. आपल्या जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. 'तालुका' आणि 'ताल्लुक़' हे एकाच अरबी धातूचे शब्द आहेत. जो मुलूख एखाद्या ठाण्याशी संबंधित, तो त्याचा तालुका. 'हद्द' हा शब्दही अरबीच. इंग्रजीच्या 'लिमिट'चे मूळ लॅटिनमध्ये आहे आणि तेथे त्याचा एक अर्थ दोन शेतांमधली न नांगरलेली पट्टी, म्हणजे आपला बांध. बांध कोठे आहे हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. वाक्यातला बांध मात्र आपण न पाहता ओलांडतो.

त्याचे परिणाम गंभीर असतात. 'अप टु' हे दोन शब्द घ्या. शिष्यवृत्तीच्या पत्रकात 'अप टु' लिहून पुढे एक रक्कम असते. पालक समजतात की एवढी रक्कम मिळणारच. खरा अर्थ असा की याहून जास्त मिळणार नाही; कमी मिळू शकते. दुकानावरच्या 'अप टु' सवलतीचेही तसेच. तो शब्द शब्द देत नाही, कमाल मर्यादा सांगतो. तसेच अर्जाच्या शेवटी 'टु द बेस्ट ऑफ माय नॉलेज' असते, म्हणजे माझ्या माहितीप्रमाणे खरे. अजाणता झालेल्या चुकीला तेथे जागा आहे. जाणूनबुजून लिहिलेल्या खोट्याला नाही.

आपल्या राज्यघटनेचे इंग्रजी याच शब्दांवर उभे आहे. कलम १३ पाहा. घटनेपूर्वीचे कायदे मूलभूत हक्कांशी विसंगत असतील तर काय करावयाचे? तेथे 'इन सो फार ॲज' आणि 'टु द एक्स्टेंट ऑफ' असे शब्द आहेत. म्हणजे कायदा जितपत विसंगत, तितपतच रद्द. सगळा कायदा पडत नाही, विसंगत भागच पडतो. त्या चार शब्दांमुळे बाकीचा कायदा उभा राहतो.

दुसरे उदाहरण आपल्या मुलांचे आहे. कलम ४१ शिक्षणाच्या हक्काबद्दल बोलते, पण राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत, 'विदिन द लिमिट्स' असे म्हणून. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने कलम २१-अ आले. त्यात ६ ते १४ वर्षांच्या मुलांचे शिक्षण मोफत आणि सक्तीचे झाले आणि आर्थिक कुवतीची ती अट तेथे ठेवलेली नाही. १ एप्रिल २०१० पासून त्याचा कायदा अमलात आहे. दोन कलमांतला हा फरक शब्दांचा आहे. तो वाचता आला तरच आपला हक्क कोठवर जातो ते पालकाला कळेल.

म्हणून माझी विद्यार्थ्यांना विनंती आहे की इंग्रजी वाचताना प्रथम वाक्याचा बांध शोधा. बोलताना आपल्या माहितीची हद्द सांगावयास लाजू नका. त्याने माणूस लहान होत नाही, त्याच्या शब्दावर विश्वास बसतो. पालकांना विनंती आहे की इंग्रजी कागदावर सही किंवा अंगठा करण्यापूर्वी मुलाला अथवा मुलीला जवळ बसवून विचारा, 'बेटा, हे कोठपर्यंत आहे आणि कोणापुरते आहे?' ज्या घरातील मुलगी या दोन प्रश्नांची उत्तरे देऊ शकेल, त्या घरात इंग्रजी आली असे खुशाल समजावे.