'तुम्ही' आणि 'आपण'

आजच्या पदवीधरांनो,

घरची माणसं फोटोसाठी ताटकळली आहेत, तेव्हा मी थेट एका माणसापासून सुरुवात करतो.

रहबाम. १ राजे, अध्याय १२. कोवळ्या राजाने वडीलजनांचं ऐकलं नाही आणि राज्य घालवलं, असा उपदेश आपण वर्षानुवर्षं करत आलो. कोवळा कसला? चौदाव्या अध्यायात त्याचं वय दिलं आहे. गादीवर बसला तेव्हा तो ४१ वर्षांचा होता. ज्या 'तरुणां'ना त्याने विचारलं ते त्याच्याबरोबरच वाढलेले, म्हणजे तेही चाळिशीच्या आसपासचे. सल्ला घेतला नाही असंही नाही. शखेमला जमलेल्या लोकांकडून त्याने तीन दिवस मागून घेतले. पण मजकुराचा क्रम पाहा. वडीलजनांचा सल्ला टाकल्याची नोंद आधी येते, मित्रांना विचारल्याची नंतर. मूळ हिब्रूत तो वडीलजनांना विचारतो, तुमचा सल्ला काय? मित्रांना विचारतो, आपण काय उत्तर द्यायचं? निर्णय त्या 'आपण'मध्येच होऊन गेला होता. शलमोनाच्या वेठीने पिचलेले लोक ओझं हलकं करा एवढंच मागत होते. त्याने ते नाकारलं आणि दहा वंश फुटून निघाले. वेठीचा अंमलदार अदोराम याला राजाने त्यांच्याकडे धाडलं, तर त्यांनी त्याला दगडमार करून ठार केलं. नीतिसूत्रं ज्याच्या नावावर आहेत, त्या शलमोनाचा हा मुलगा.

मीही एकदा असंच 'आपण' म्हटलं आहे. १९७५ साली नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात माझी पहिली नेमणूक झाली. मंडळीला सभागृह हवं होतं, पैसे नव्हते. मागची जमीन विहिरीसकट विकायचं मी ठरवलं. तरुण संघाने टाळ्या वाजवल्या. एक निवृत्त बायबलबाई उठल्या आणि म्हणाल्या, "लेकरा, बहात्तरच्या दुष्काळात सगळी वाडी त्या विहिरीवर जगली. सभा झाडाखालीही भरेल." मी त्यांना हात जोडले आणि पुढचा विषय घेतला. जमीन विकली. दोन वर्षांनी उन्हाळ्यात नव्या मालकाने विहिरीला कुलूप लावलं. बाया दीड मैलावरून पाणी आणू लागल्या, त्यांत त्या बाईही होत्या. मला त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्या सभागृहात मी चार वर्षं उपदेश केला आणि दर रविवारी त्या पहिल्या रांगेत बसत.

पुढे बाजू उलटली. शहरातली मंडळीची जागा एका बिल्डरला द्यायचा ठराव वरच्या कमिटीत येणार होता. बैठकीआधी एका सहकाऱ्याने मला व्हरांड्यात गाठलं. "पास्टर, आज सगळ्यांसारखंच बोला." मला संदेष्टा मीखाया आठवला. राजा अहाबाचे ४०० संदेष्टे एकमुखाने 'चढाई कर' म्हणत होते, आणि मीखायाला आणायला गेलेल्या माणसाने त्यालाही असंच समजावलं होतं. मी विरोधात बोललो. महिन्याभरात माझी बदली झाली, मुलीची दहावीची परीक्षा तोंडावर असताना. त्या कमिटीचं नाव मी घेणार नाही. पण आपल्या सेवेला लागलेली ही कीड आहे: नाही म्हणणाऱ्याची बदली होते आणि होयबा कारभारी होतात. अशा कमिट्या नुसतं कोरमपुरतं बसतात. त्याला विचारविनिमय म्हणायला माझी जीभ धजत नाही.

मोशेचं उदाहरण मला म्हणूनच जवळचं वाटतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो एकटाच न्याय करत बसे. मिद्यानी सासऱ्याने, इथ्रोने, हे बरं नाही असं तोंडावर सांगितलं. इथ्रो इस्राएलाचा नव्हता, परका याजक होता. मोशेने ऐकलं आणि हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेमली. सिनायवर जाऊन नियमशास्त्र आणण्याआधीची ही गोष्ट आहे.

लवकरच तुम्हाला नेमणुकीची पत्रं मिळतील. गावात पोहोचलात की तुमच्याआधीच्या पाळकाला कोण नडत होतं, ते विचारा. पहिली घरभेट त्याच घरी द्या. तो कधी तुमच्याविरुद्ध उभा राहिला, तर त्याला बसवू नका.