भरपाई न झालेले नुकसान
(नाशिक रोड येथील सभेत दिलेले भाषण)



परमपूज्य बाबासाहेबांना आपण घटनेचे शिल्पकार व धम्मदीक्षा देणारे म्हणून वंदन करतो. आज मी त्यांच्याकडे वृत्तपत्रकार म्हणून पाहणार आहे. १९२० साली 'मूकनायक' आणि १९२७ साली 'बहिष्कृत भारत' काढणाऱ्या या संपादकाने १९३५ च्या सुमारास आपल्या काही आठवणी इंग्रजीत लिहून ठेवल्या. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने त्या १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाल्या.

प्रथम युद्धाची गोष्ट. ती चरित्रकारांनी सांगितली आहे. १९१७ साली महायुद्ध ऐन भरात असता शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. ते सुखरूप पोहोचले, परंतु त्यांचे सामान ज्या बोटीवर होते ती पाणतीराने बुडविली गेली. कष्टाने जमविलेले ग्रंथ समुद्रतळाशी गेले. त्याबद्दल त्यांना ६०० रुपये भरपाई मिळाली.

त्यानंतर ते बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले. तेथील अनुभव त्यांनी स्वतः लिहिला आहे. कोणी जागा देईना, म्हणून पारशी नाव धारण करून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी हाती काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिन्यावर आले. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम झाला. एका हिंदू व एका ख्रिस्ती स्नेह्याकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही आपापली अडचण पुढे केली. अखेर कामाठी बागेत बसून वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने हा परदेशात शिकलेला विद्वान मुंबईस परतला.

मी वकील आहे, म्हणून माझ्या मनात हिशेबाचाच प्रश्न येतो. शत्रूच्या पाणबुडीने नेलेल्या ग्रंथांचे मोल कोणीतरी केले. स्वदेशातील काठ्यांनी जे नेले, त्याचे मोल करणारा कायदाच तेव्हा अस्तित्वात नव्हता.

मात्र या आठवणी वाचून पारशांविषयी वा मुसलमानांविषयी कोणी मनात अढी धरू नये. १९३४ साली दौलताबादच्या किल्ल्यापाशी हौदावर तोंड धुतल्याबद्दल मुसलमानांनीही बाबासाहेबांना व त्यांच्या सोबत्यांना शिवीगाळ केली. हिंदूंनी ज्याला अस्पृश्य ठरविले, त्याला शेजारीही अस्पृश्यच मानू लागतात, असा निष्कर्ष त्यांनी त्यातून काढला.

मला सर्वांत मोलाची वाटते ती चाळीसगावची हकीकत. नाशिक रोडहून भुसावळकडे जाताना वाटेत लागते तेच हे चाळीसगाव. १९२९ साली तेथे उतरलेल्या बाबासाहेबांना एकही टांगेवाला महारवाड्यात नेईना. पाहुण्याने पायी चालणे लोकांना कमीपणाचे वाटले. त्यांनी टांगा भाड्याने मिळविला, पण हाकणारा आपल्यातलाच, कधी लगाम न धरलेला! पुलाजवळ चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला; घोडा टांग्यासह नदीत पडला. येथे साक्षीदाराचा प्रामाणिकपणा पाहा : टांगेवाल्यांचा मद त्यांनी नोंदविला, त्याचबरोबर आपल्या माणसांचा भाबडा आग्रहही झाकला नाही. न्यायालयात अशीच साक्ष टिकते.

नव्याने दीक्षा घेतलेली कुटुंबे मला विचारतात, "वकीलसाहेब, धर्म बदलला, आता आमचे संरक्षण गेले काय?" नाही. अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतच मान्यता मिळाली आहे. म्हणून १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आपणांसही लागू आहे, आणि त्याखालील १९९५ च्या नियमांत पीडितांना आर्थिक साहाय्याची तरतूद आहे. परंतु माझ्याकडे येणारी माणसे पुष्कळदा "फार छळले हो साहेब" एवढेच सांगतात. कोणत्या तारखेस, कोठे, कोणी, कोणते शब्द उच्चारले, जवळ कोण होते, हे विचारले की गप्प बसतात.

पुढील बैठकीस प्रत्येक घराने एक वही आणावी. वडीलधाऱ्यांपैकी कोणी सैन्यात असतील, तर त्यांच्या आठवणीही तीत उतरवाव्यात. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे शब्द मुलींनी लिहून घ्यावेत, आणि खाली तारीख घालावी.

जय भीम.