विश्रांतीची मात्रा

पायरी चुकून कोणाचा पाय मुरगळला, की आपल्या घरी काय घडते ते आठवून पाहा. कोणी आंबेहळद उगाळते, कोणी उशी आणते, आणि वडीलधारी मंडळी फर्मावतात, "आता पंधरा दिवस पाऊल जमिनीला टेकवायचे नाही!" शस्त्रक्रिया होऊन कोणी घरी परतले, तर हा हुकूम अधिकच कडक होतो. पाण्याचा पेलासुद्धा अंथरुणातच हाती दिला जातो. यामागे माया असते, यात शंका नाही. परंतु या मायेने रोग्याचे पुष्कळदा नुकसान होते, हे आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

हाडाला हाड जोडणारे अस्थिबंध, स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरा आणि खुद्द स्नायू यांना इजा झाली, की पहिले काही दिवस सूज व ठणका असतो. ही सूज निव्वळ शत्रू नव्हे. रक्तातील पेशी तेथे येऊन दुखावलेला भाग साफ करीत असतात. पुढे काही आठवडे कोलॅजेन नावाच्या द्रव्याचे नवे तंतू तयार होतात. प्रथम ते आडवेतिडवे पडलेले असतात. त्यांची नीट मांडणी होऊन त्यांना बळकटी येण्यास कित्येक महिने लागतात, आणि ही मांडणी ताणाच्या दिशेने व्हावयाची, तर बेताची हालचाल हवी. सांधा दीर्घकाळ निश्चल ठेवला, तर इजा भरून येते, पण सांधा आखडतो.

निश्चलतेची किंमत सर्व शरीराला मोजावी लागते. १९६६ साली अमेरिकेत डॅलस येथे पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे बिछान्यात ठेवण्यात आले. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले, तेव्हा असे आढळले की, त्या तीन आठवड्यांत त्यांची श्रम करण्याची क्षमता जितकी घटली होती, तितकी तीस वर्षांच्या वयोमानानेही घटली नव्हती.

वैद्यकालाही आपले मत बदलावे लागले आहे. विश्रांती, बर्फ, दाब आणि दुखरा अवयव उंच ठेवणे ही चतुःसूत्री डॉ. गेब मर्किन यांनी १९७८ साली सांगितली व ती जगभर पाठ झाली. २०१४ साली त्यांनीच लिहिले की, बर्फ व संपूर्ण विश्रांती यांनी बरे होण्यास उलट विलंब होऊ शकतो.

खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झालेल्या आजीबाईंना डॉक्टर बहुधा दुसऱ्याच दिवशी उभे करू पाहतात. नातेवाइकांना ते निष्ठुरपणाचे वाटते. परंतु पडून राहिल्याने पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचे भय असते, छातीत कफ साचतो, पाठीला जखमा होतात आणि स्नायू झपाट्याने क्षीण होतात. ते पहिले दिवस वाया गेले, तर काही वृद्ध पुन्हा आपल्या पायांवर उभे राहतच नाहीत.

मात्र हालचाल म्हणजे धसमुसळेपणा नव्हे. शिवलेल्या कंडरेला काही काळ जपावेच लागते. तेथे शल्यचिकित्सकाचा शब्द अखेरचा. मुरगळल्यावर चार पावलेही टाकता येत नसतील, तर हाड मोडले नाही ना, हे आधी तपासून घ्यावे. व्यायामाने थोडे दुखले आणि दुसऱ्या सकाळपर्यंत शमले, तर मात्रा बहुधा योग्य. सूज वाढली, तर ती अधिक झाली. पोटरी सुजून दुखू लागली, एकाएकी धाप लागली, किंवा जखम लाल होऊन ताप आला, तर मात्र क्षणाचाही विलंब न लावता डॉक्टरांना गाठावे.

आणि घरच्या मंडळींनी काय करावे? डॉक्टरांनी चालण्याची परवानगी दिली, की पाण्याचा तांब्या बिछान्यापाशी न ठेवता चार पावलांवरील मेजावर ठेवावा, आजींना उठवावे, आणि त्या तेथवर पोहोचेपर्यंत हाताला हात देऊन त्यांच्याबरोबर चालावे.