हक्क की उपकार?



शीळफाट्यावरून कधी गेला नाही असा श्रोता या सभेत विरळाच. कल्याण, मुंब्रा, महापे आणि पनवेल, चहूकडचे रस्ते तेथे मिळतात. आजच्या विषयाच्या वाटाही तेथेच मिळतात, असे आम्हांस वाटते.

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. ठाण्याची वागळे इस्टेट, ठाणे-बेलापूर पट्टा, डोंबिवली असा कारखान्यांचा पसारा वाढला. कारखान्याला जमीन, पाणी, वीज कोठून मिळावी याची आखणी झाली. कामगाराने रात्री पाठ कोठे टेकावी याची मात्र तितक्या नेटाने झाली नाही. ही उणीव पुढाऱ्याने हेरली. नोकरीसाठी चिठ्ठी, मग खोली, मग नळ! पक्षाचे निशाण कोणतेही असो, रीत एकच.

पुढाऱ्याला सर्वस्वी दूषण देण्यास आम्ही तयार नाही. कचेरीत महिनोन् महिने अडलेले काम त्याच्या एका शब्दाने होत असेल, तर गरजवंताने जावे कोठे? पण मेख येथेच आहे. घर कायदेशीर असले की नळ हा हक्क ठरतो. बेकायदा असले की तोच नळ उपकार होतो, आणि उपकार मतपेटीत फेडावा लागतो. म्हणजे घर बेकायदा राहण्यातच उपकारकर्त्याचा लाभ!

या व्यवहाराचे मोल शीळफाट्याजवळ कळले. ४ एप्रिल २०१३ रोजी 'लकी कंपाउंड'मधील अनधिकृत बहुमजली इमारत कोसळली आणि ७४ माणसे गेली. वर बांधकाम चालू होते आणि खाली कुटुंबे राहत होती. पुढे अटक झालेल्यांत बांधकाम करणारे होते, पालिकेचे अधिकारी होते, पोलीस होते आणि एक नगरसेवकही होता. दोष कोणाचा हे ठरवणे न्यायालयाचे काम. परंतु मजल्यावर मजला चढत होता तो भर दिवसा. येणाऱ्याजाणाऱ्यांपैकी किती जणांनी परवानगीची चौकशी केली?

आपणही या दोषातून सुटत नाही. दाखला हवा, बदली हवी, शाळेत प्रवेश हवा, की आपणही ओळख शोधतो. सुशिक्षिताची ओळख आणि कामगाराची चिठ्ठी यांत फरक तो काय? तेव्हा आमची विनंती एवढीच, की पुढच्या वेळी उमेदवार दारी आला म्हणजे 'आमचे काम करा' म्हणू नका. 'ते काम कोणाच्याही शब्दावाचून, नियमाने व्हावे यासाठी काय कराल?' असे विचारा, आणि चार शेजारी बरोबर घेऊन विचारा.