माकडाचा फोटो आणि माणसाचे नाव

२०११ साली इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर डेव्हिड स्लेटर हे ब्रिटिश छायाचित्रकार काळ्या माकडांच्या मागे हिंडत होते. एका माकडाने त्यांच्या कॅमेऱ्याचे बटण दाबले आणि स्वतःचाच दात दाखवणारा फोटो काढला. फोटो जगभर गाजला आणि वाद पेटला, यावर हक्क कोणाचा? स्लेटर म्हणाले, कॅमेरा मी लावला, मेहनत माझी. २०१५ मध्ये एका प्राणिहक्क संघटनेने चक्क माकडाच्या वतीने अमेरिकेत दावा लावला. कॉपीराइट कायद्याखाली प्राण्याला दावा करता येत नाही, असा निकाल अपील न्यायालयाने २०१८ मध्ये दिला.

माकडाच्या हक्कासाठी तीन वर्षे वकील भांडले. आपण मात्र मोबाइलवर आलेला वाघाचा फोटो, काढणाऱ्याचे नाव कापून, बिनदिक्कत पुढे ढकलतो. माझी एक कविताही अशीच निनावी होऊन माझ्याच मोबाइलवर परत आली. खाली शेरा होता, 'अवश्य वाचा'. हसू आले, पण स्वतःच्याच घरात पाहुणा झाल्यासारखे वाटले.

२०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कायद्यात छायाचित्रकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे टिकतो. आपण निदान त्याच्या हयातीत त्याचे नाव तरी टिकवू या.